शब्द फोडला की धडा सुटतो

मराठी माध्यमातून बी.एस्सी. नर्सिंगला आलेली मुलगी अडते ती बहुधा शब्दांपाशी. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे पेपर इंग्रजीत; मग सगळी भिस्त घोकंपट्टीवर. त्यापेक्षा शिक्षकांनो, शब्द फोडून दाखवा. 'हायपोग्लायसेमिया': हायपो म्हणजे कमी, ग्लाय म्हणजे साखर, एमिया म्हणजे रक्तात. पुढं 'हायपर' आलं की अर्थ तिचा तीच लावते. औषधाचं गणितही तसंच. 5 मिलिलिटरमध्ये 500 मिलिग्रॅम, तर 250 मिलिग्रॅमसाठी किती? अडीच मिलिलिटर. पण हे सिरिंज हातात देऊन विचारा, फळ्यावर नको. फळ्यापुढं निम्मा वर्ग गप्पच बसतो.