हिऱ्यापासून शेंदरापर्यंत



रसायनशास्त्राच्या ज्या भागाची विद्यार्थ्यांना सर्वांत अधिक धास्ती वाटते आणि ज्याचा अभ्यास बहुधा पाठांतराच्या बळावर उरकला जातो, त्या पी-खंडाविषयी बोलण्याची आज्ञा व्याख्यानमालेच्या चालकांनी मला केली, ती मी आनंदाने शिरसावंद्य मानली. कारण या भागाइतके कार्यकारणाने बांधलेले प्रकरण साऱ्या शास्त्रात विरळा, अशी माझी दृढ धारणा आहे. आवर्तसारणीच्या उजव्या अंगाला, तेराव्या गणापासून अठराव्या गणापर्यंत, सहा स्तंभांचा जो प्रदेश पसरला आहे, त्यात श्वासातला ऑक्सिजन, मिठातले क्लोरीन, हाडांतले फॉस्फरस, खडकातले सिलिकॉन आणि भांड्यांवरचे कथील अशी वरपांगी परस्परांशी काडीचेही साम्य नसलेली मूलद्रव्ये शेजारी शेजारी नांदतात. स्तंभ सहाच, कारण पी-उपकवचात इलेक्ट्रॉन सहाच मावतात, आणि डावीकडून उजवीकडे प्रत्येक स्तंभागणिक त्यांत एकाची भर पडत जाते.

आडव्या ओळीत डावीकडून उजवीकडे जाताना केंद्रकावरचा धनभार वाढतो. परंतु नवे इलेक्ट्रॉन त्याच कवचात दाखल होत असल्यामुळे ते एकमेकांना केंद्रकाच्या ओढीपासून पुरते झाकू शकत नाहीत. परिणामी अणू आक्रसतो, आणि त्यातून इलेक्ट्रॉन काढून घेणे उत्तरोत्तर महाग पडते. एक मोल बोरॉन अणूंतून प्रत्येकी पहिला इलेक्ट्रॉन काढण्यास सुमारे 801 किलोज्यूल ऊर्जा लागते, कार्बनला 1086, नायट्रोजनला 1402, तर निऑनला 2081. मात्र नायट्रोजनच्या लगतच्या ऑक्सिजनला 1314 किलोज्यूलच पुरतात. कारण ऑक्सिजनचा चौथा पी-इलेक्ट्रॉन आधीच व्यापलेल्या कक्षकात दुसऱ्याच्या जोडीला बसतो, आणि दोघांच्या परस्पर प्रतिकर्षणामुळे त्यांतला एक तुलनेने सहज सुटतो. चढणीत जेथे असा खळगा पडतो, तेथेच चढणीचे कारण उघडे होते. म्हणून आज मी आपले लक्ष नियमाच्या सरळ रेषेपेक्षा तिच्या वळणांकडे वेधणार आहे.

त्यासाठी सहांपैकी एकच कुळ घेऊ, चौदाव्या गणाचे. कार्बन, सिलिकॉन, जर्मेनियम, कथील आणि शिसे हे त्यातले पाच मुख्य वंशज. वर अधातू, मध्ये दोन धातुसदृश, तळाशी दोन धातू. या कुळाचा अंतःसंबंध इतका पक्का, की मेंडेलीव्हने 1871 मध्ये सिलिकॉनखालची जागा मोकळी ठेवून तेथे येणाऱ्या मूलद्रव्याचा अणुभार 72 आणि घनता 5.5 असेल, असे लिहून ठेवले. आणि 1886 मध्ये क्लेमेन्स विंक्लर यांनी फ्रायबर्ग येथे आर्जिरोडाइट या खनिजातून जर्मेनियम वेगळे केले. त्याचा अणुभार आज 72.6 आणि घनता 5.3 मानली जाते. शास्त्राने अशी हुकमी ग्वाही द्यावी आणि निसर्गाने ती मान्य करावी, याहून मोठा आनंद विद्येच्या क्षेत्रात मला ठाऊक नाही.

पाचही जणांच्या बाह्य कवचात चार इलेक्ट्रॉन, दोन एस-उपकवचातले आणि दोन पी-उपकवचातले. तेव्हा सर्वांची वर्तणूक सारखी असावी, असे सहजच वाटेल. पण कार्बन डायऑक्साइड हा आपल्या उच्छ्वासातला वायू, आणि सिलिकॉन डायऑक्साइड म्हणजे गारगोटी, जी वितळविण्यास सुमारे 1700 अंश सेल्सिअसचा ताप लागतो! सूत्रात फरक एका अक्षराचा आणि पदार्थात एवढे महदंतर, याचे कारण असे, की कार्बनचा अणू लहान असल्यामुळे त्याचे पी-कक्षक ऑक्सिजनच्या कक्षकांशी कडेकडेनेही नीट मिसळतात आणि दुहेरी बंध घट्ट होतात. एका कार्बनचे दोन ऑक्सिजनांशी समाधान होऊन रेणू सुटा राहतो. सिलिकॉनच्या पसरट कक्षकांना तशी कडेची मिसळण साधत नाही. म्हणून तो चार ऑक्सिजनांना एकेरी बंधांनी धरतो, प्रत्येक ऑक्सिजन दुसऱ्या सिलिकॉनला धरतो, आणि ही साखळी तिन्ही दिशांना अखंड वाढत जाते. वेरूळची लेणी ज्या काळ्या बेसाल्टात कोरली गेली, तो सारा दख्खनचा पाषाण सिलिकॉन-ऑक्सिजनच्या याच बंधाच्या बळावर उभा आहे.

कुळाचा खरा मर्मभाग मात्र तळाशी आहे. वरचे सभासद चारही इलेक्ट्रॉन बंधांत गुंतवून चतुःसंयुज राहणे पसंत करतात. कथिलाच्या बाबतीत द्विसंयुज आणि चतुःसंयुज या दोन्ही अवस्था चालतात, जरी स्टॅनस क्लोराइड संधी मिळताच चौथ्या पायरीवर चढू पाहते आणि म्हणूनच क्षपणकारक ठरते. शिशाशी येताच पारडे फिरते आणि द्विसंयुज अवस्थाच स्थिर होते. लेड टेट्राक्लोराइड सहज विघटन पावून क्लोरीन सोडते, तर लेड डायक्लोराइड निश्चिंत राहते. एस-उपकवचातली ती जोडी जणू व्यवहारातून अंग काढून घेते. सिज्विक या इंग्रज रसायनज्ञाने 1927 मध्ये तिला निष्क्रिय जोडी असे नाव दिले.

हे दोन्ही स्वभाव एकाच पदार्थात पाहावयाचे असतील, तर मारुतीच्या मूर्तीवर परंपरेने चढविला जाणारा शेंदूर घ्यावा. खरा शेंदूर म्हणजे शिशाचे असे ऑक्साइड, की ज्यात शिशाच्या तीन अणूंपैकी दोन द्विसंयुज असतात आणि एक चतुःसंयुज. परीक्षानळीत चिमूटभर शेंदूर घेऊन त्यावर विरल नायट्रिक आम्ल ओतले, की त्याची नारिंगी झळाळी मालवू लागते आणि तळाशी गडद तपकिरी भुकटी उरते. आम्लाने द्विसंयुज शिसे विरघळवून नेले आणि चतुःसंयुज मागे ठेवले. गाळलेल्या स्वच्छ द्रवात पोटॅशियम आयोडाइडचे थेंब टाकावेत, तो पिवळाधमक लेड आयोडाइडचा साका बसतो. आणि ती तपकिरी भुकटी संहत हायड्रोक्लोरिक आम्लाबरोबर तापविली, तर उग्र वासाचे क्लोरीन बाहेर पडते, कारण चतुःसंयुज शिसे दोन इलेक्ट्रॉन परत मिळविण्यास अत्यंत उतावीळ असते.

असे का व्हावे? येथे घरातल्या जमाखर्चाचा न्याय लागू पडतो. चारही इलेक्ट्रॉन बंधांत घालावयाचे तर एस-जोडीला बाहेर काढण्याचा खर्च करावा लागतो, आणि जे दोन अधिक बंध होतात त्यांतून ऊर्जा जमा होते. शिशाचा अणू मोठा असल्याने त्याचे बंध दुबळे, तेव्हा जमा थोडी. उलट खर्च मात्र वाढलेला. कारण 82 धनभारांच्या केंद्रकाला चौदा एफ-इलेक्ट्रॉन नीट झाकू शकत नाहीत, आणि त्याच्या सर्वांत जवळचे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे साठ टक्के वेगाने फिरत असल्यामुळे आइन्स्टाइनच्या सापेक्षतेचा अंमल तेथे सुरू होतो, एस-कक्षक आकुंचन पावतात आणि बाहेरची जोडीही आत ओढली जाते. कथिलाची पहिली आयनीभवन ऊर्जा 709 आणि त्याखालच्या शिशाची 716 किलोज्यूल, हे उताराच्या तोंडी लागलेले चढण याच कारणाचा दाखला होय. मोटारगाडीच्या बॅटरीत एका पट्टीवर हेच तपकिरी लेड डायऑक्साइड असते आणि दुसरीवर शुद्ध शिसे. वीज देताना दोन्ही द्विसंयुज अवस्थेला येतात. एका घटाच्या सुमारे 2.1 व्होल्टांपैकी 1.7 च्या आसपास व्होल्ट या सापेक्षतेमुळेच लाभतात, असे गणित शास्त्रज्ञांनी 2011 मध्ये मांडले आहे.

हे ज्ञान केवळ परीक्षार्थींच्या उपयोगाचे नाही. कल्हईवाला तांब्याचे पातेले भट्टीवर तापवून त्यात नवसागराची पूड टाकतो, तेव्हा पांढरा धूर उठतो. नवसागरातून सुटलेले आम्ल तांब्यावरचे ऑक्साइड काढून टाकते, आणि 232 अंशांना वितळणारे कथील कापसाच्या बोळ्याखाली पातेल्याच्या अंतर्भागावर चकचकीत पसरते. चिंच-ताकाच्या आंबटपणापासून ते तांब्याला वाचवते आणि पोटात जाऊनही फारसे शोषले जात नाही. त्याच्याच स्तंभातला खालचा शेजारी मात्र शरीरात शिरून कॅल्शियमच्या जागी हाडांत ठाण मांडतो आणि मुलांच्या मेंदूला अपाय करतो. म्हणून कल्हईत शिशाची भेसळ खपवून घेऊ नये, शेंदूर मुलांच्या हाती लागू देऊ नये, ही सावधगिरी आवर्तसारणीच्या अभ्यासातूनच निघते.

विद्यार्थ्यांना माझी विनंती एवढीच, की पी-खंडातील कोणतेही मूलद्रव्य समोर आले, की त्याचे गुणधर्म घोकण्याआधी दोन प्रश्न विचारावेत: याचे इलेक्ट्रॉन काढण्यास काय पडते, आणि त्यांच्या बंधांतून काय मिळते? या दोन प्रश्नांची उत्तरे ज्याला काढता येतील, त्याला आर्सेनिकाजवळ अँटिमनी आणि बिस्मथ, गॅलियमजवळ थॅलियम, यांची वागणूक पुस्तक न उघडता पुष्कळशी सांगता येईल. मेंडेलीव्हला जर्मेनियम न पाहता ओळखता आले, ते असल्याच विचाराच्या सवयीने. आणि ती सवय लावून घेण्याची मुभा प्रत्येकाला आहे.