एका किडनीवर पुढे

'किडनी काढावी लागेल' हे ऐकलं की घरचे हादरतात.

कर्करोगाची गाठ, वर्षानुवर्षं अडकलेला मुतखडा किंवा निकामी होऊन पू झालेली किडनी, ही त्याची मुख्य कारणं. १८६९ साली हायडेलबर्गमध्ये गुस्ताव सिमोन यांनी एका बाईची किडनी काढली. ती दुसरीवर ठणठणीत जगली. दुसरी निरोगी असली, तर तीच कामाचा भार उचलते.

आज बहुतेकदा दुर्बिणीने शस्त्रक्रिया होते आणि बऱ्याचदा दुसऱ्याच दिवशी चालवतात. खोकताना पोटावर उशी दाबून धरा. चार ते सहा आठवडे भरलेली बादली, सिलिंडर उचलू नका. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या परस्पर घेऊ नका. ताप, धाप, पोटरीला सूज, जखमेतून पू किंवा लघवी कमी झाली, तर तडक डॉक्टरांकडे जा. पुढे दरवर्षी रक्तदाब, क्रिएटिनिन आणि लघवीतली प्रथिनं तपासून घ्या.