‘शॅल’ आणि ‘मे’ : अनुच्छेद ३५०क वाचताना



आज मी इंग्रजीतल्या दोनच छोट्या शब्दांविषयी बोलणार आहे : ‘शॅल’ आणि ‘मे’. दोन्ही साहाय्यक क्रियापदे. शाळेत आपण शिकलो, की प्रथमपुरुषाला ‘शॅल’, इतरांना ‘विल’; आणि ‘मे’ म्हणजे परवानगी किंवा शक्यता. कायद्यात मात्र ‘शॅल’ तृतीयपुरुषालाही लागतो आणि सहसा बंधन सांगतो. ‘मे’ अधिकार देतो. तो वापरायचा की नाही, हे ज्याचे त्याच्यावर सोपवतो. संदर्भ पाहून न्यायालये कधी ‘मे’लाही बंधनकारक मानतात, पण तो अपवाद.

मराठीत हा भेद विभक्तीतून दिसतो. ‘शॅल’साठी ‘राज्य करील’, कर्ता प्रथमेत. ‘मे’साठी ‘राज्याला करता येईल’, इथे चतुर्थी. अडचण पहिल्या रूपाची आहे. ‘पाऊस पडेल’ हा अंदाज आणि ‘राज्य सोय करील’ हे बंधन, पण क्रियापदाचा साचा एकच. हिंदीतल्या ‘करेगा’चेही तसेच. एरवी बोलताना आपण बंधनासाठी ‘केलेच पाहिजे’ म्हणतो.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाली. त्याच दिवशी सातवी घटनादुरुस्ती अमलात आली. तिने घातलेला अनुच्छेद ३५०क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी आहे. त्यात आपले दोन्ही शब्द आहेत. राज्यासाठी ‘शॅल’ आहे, पण तो जोडलेला आहे ‘प्रयत्ना’ला, शाळेला नव्हे. राष्ट्रपतींच्या निदेशांसाठी ‘मे’ आहे. म्हणजे प्रयत्न बंधनकारक, निदेश ऐच्छिक.

याउलट अनुच्छेद ३५० पाहा. राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क तिथे ‘शॅल’ने थेट व्यक्तीला दिला आहे. उत्तरही त्याच भाषेत मिळेल, असे मात्र तिथे म्हटलेले नाही. अनुच्छेद ३० मध्येही आपल्या शिक्षणसंस्था स्थापून चालवण्याचा हक्क ‘शॅल’नेच दिला आहे.

म्हणून माझी सूचना अशी, की मराठी वर्गासाठी अर्ज करताना ‘घटनेने शाळा दिलीच आहे’ असे लिहू नये. ते टिकणार नाही. ‘राज्याने कोणता प्रयत्न केला?’ असे विचारावे. हा प्रश्न ‘शॅल’च्या बळावर उभा राहतो. आणि तो अर्ज मराठीत लिहावा.