तोफखान्यातून पतपेढीकडे

गावच्या सोसायटीतून पीककर्ज घेणाऱ्या प्रत्येकाने फ्रिडरिश विल्हेल्म रायफायझन हे नाव ऐकायला हवं. जर्मनीतल्या हाम गावी १८१८ साली जन्मलेले रायफायझन सतराव्या वर्षी प्रशियाच्या तोफखान्यात भरती झाले. डोळ्यांच्या विकाराने १८४३ मध्ये लष्कर सुटलं आणि दोन वर्षांनी वायरबुश या लहानशा गावाचा कारभार त्यांच्याकडे आला.

१८४६-४७ चा हिवाळा उपासमारीचा. रायफायझन यांनी ऐपतदारांकडून पैसे उभे केले, धान्य आणलं, गावभट्टी बांधली आणि गरिबांना उधारीवर पाव दिला. पुढे १८६४ मध्ये त्यांनी हेडेसडॉर्फला पतसंस्था काढली. एकाचं कर्ज बुडालं तर सगळे सभासद जबाबदार! त्यामुळे कोण कष्टाळू, कोण उधळ्या, हे गावच पारखून घेई. मला त्यांची खरी करामत इथेच दिसते.

पुढे ब्रिटिश अधिकारी फ्रेडरिक निकल्सन यांनी मद्रास सरकारला रायफायझन यांचीच वाट सुचवली आणि १९०४ मध्ये भारतात सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. तेव्हा मंडळी, आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेला जरूर जा, ताळेबंद वाचा आणि प्रश्न विचारा.