शेजारच्या धावणाऱ्याला हाक

श्रोतेहो, थंडी पडली की आपल्याकडे मॅरेथॉनचा हंगाम सुरू होतो. बूट कोणते घ्यावेत, आदल्या रात्री काय खावं, सराव किती करावा, हे सांगणारे पुष्कळ आहेत, म्हणून ते विषय मी बाजूला ठेवते. मला एकाच गोष्टीबद्दल बोलायचं आहे. शेजारी धावणाऱ्याला धीर देणं आपण उपकाराच्या खात्यात टाकतो. म्हणजे ज्याच्याकडे दम शिल्लक आहे त्यानं दमलेल्याला चार शब्द द्यावेत, तो चांगला माणूस, आणि तिथे विषय संपला. माझं म्हणणं असं आहे की धीर देणाऱ्याच्या पदरात पडतं ते धीर घेणाऱ्यापेक्षा तसूभरही कमी नसतं. हे वाक्य मी पुन्हा पुन्हा म्हणणार आहे, कारण ऐकताना सगळे माना डोलावतात आणि रविवारी सकाळी कानात गाणी घालून एकटे पळत सुटतात.

घरातलं विरजण आठवा. शेजारीण वाटी घेऊन येते, आपण चमचाभर देतो. आपलं दही तेवढं कमी होतं, खरं आहे. पण आपण आठवडाभर गावाला जाऊन येतो तर पातेल्यातलं दही आंबून वास मारत असतं. मग वाटी घेऊन त्याच शेजारणीकडे जातो, आणि आपलंच विरजण तिच्या घरून आपल्याकडे परत येतं. गल्लीतलं विरजण टिकतं ते असं घरोघर फिरल्यामुळे. धावण्याच्या हौसेचंही हेच आहे. कुणाचा गुडघा धरतो, कुणाच्या घरी आजारपण येतं, पावसाळ्यात तर पहाटेचा गजर बंद करून पुन्हा पांघरुणात शिरायला फारसं निमित्त लागत नाही. प्रत्येकाची हौस कधी ना कधी आंबते. ज्यांना तुम्ही कधी काळी हाक मारून बाहेर काढलं, ते त्या दिवशी तुमच्या दाराशी उभे असतात. आणि ज्यानं कुणालाच दिलं नाही, त्यानं वाटी घेऊन कुणाच्या दारात जायचं?

पण एवढ्यावर थांबलं तर तुम्ही म्हणाल, ही शेजारधर्माची गोष्ट झाली, धावण्याचा काय फायदा? फायदा आहे, आणि तो सरळ पायांना होतो. सरावातल्या बहुतेक धावा सावकाश असाव्यात, हे नेमानं धावणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. सावकाश म्हणजे किती, याचं जुनं माप म्हणजे धावताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. एकटा माणूस हे माप पाळत नाही. हातातल्या घड्याळाकडे बघून वेग वाढवत जातो. नवख्याला सोबत घेऊन, त्याच्याशी बोलत धावणाऱ्याकडून ते आपोआप पाळलं जातं. शर्यतीतही तेच. लांब पल्ल्यात सगळ्यात जास्त माणसं मार खातात ती पहिल्या अर्ध्या भागातल्या घाईमुळे. दक्षिण आफ्रिकेत डर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्ग या दोन शहरांमध्ये १९२१ पासून कॉम्रेड्स नावाची शर्यत होते. अंतर साधारण नव्वद किलोमीटर, आणि सगळं बारा तासांच्या आत संपवायचं. तिथे धावणाऱ्यांचे जथे असतात, त्यांना ‘बस’ म्हणतात. पुढे एक अनुभवी धावपटू, हातात ठरलेल्या वेळेचा फलक. कुठे चालायचं, कुठे पुन्हा पळायचं, हे तो ओरडून सांगतो आणि मागचे गाणी म्हणत त्याच्या पावलावर पाऊल टाकतात. ज्याच्या भरवशावर मागे एवढी माणसं आहेत त्याला स्वतःच्या लहरीनं सुसाट सुटताच येत नाही. एरवी हजारदा बजावूनही अंगी न लागणारी शिस्त त्या जबाबदारीनं लागते. आपल्या साताऱ्याच्या शर्यतीत यवतेश्वरचा घाट चढून त्याच वाटेनं परत यायचं असतं. चढणाऱ्याकडे बघत, त्याला आवाज देत उतरणारा जरा आवरून उतरतो, आणि मांड्यांची लाकडं होतात ती बेफाम उतरण्यानंच.

आता आक्षेप. पहिला असा की स्पर्धा म्हटल्यावर दुसऱ्याचं कशाला बघायचं? बक्षिसासाठी धावणाऱ्याला मी थांबायला सांगत नाही. पण हजारोंच्या गर्दीत बक्षिसासाठी धावणारे किती असतात? आणि कसलेले खेळाडू असल्या भानगडीत पडत नाहीत, हेही खरं नाही. १२ ऑक्टोबर २०१९ रोजी व्हिएन्नात एलियुड किपचोगे १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत मॅरेथॉनचं अंतर धावला, तेव्हा त्याच्याभोवती आळीपाळीनं ४१ धावपटू वाऱ्याला आडोसा देत होते. त्यांत रिओ ऑलिम्पिकमध्ये पंधराशे मीटरचं सुवर्णपदक मिळवलेला मॅथ्यू सेंट्रोविट्झसुद्धा होता. शेवटच्या टप्प्यात ते मागे राहिले आणि किपचोगेला एकट्याला पुढे जाऊ दिलं. त्यांचा आनंद बघा, मग मला सांगा त्यांना काय मिळालं.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. धीराचे शब्द बहुधा पोकळ असतात. अगदी मान्य. तिसाव्या किलोमीटरला “थोडंच राहिलंय!” असं ओरडणाऱ्याला मी हात जोडते; बारा किलोमीटर म्हणजे थोडं नव्हे हो! विरजणाला दूध कोमट लागतं, कढत दुधात घातलं तर सगळं फुकट जातं. समोरच्याची अवस्था बघून बोला. छातीवरच्या क्रमांकाच्या बिबवर नाव छापलेलं असतं, ते वाचून नावानं हाक मारा. “पुढच्या वळणावर पाणी आहे”, “हा खांब गेला की चढ संपला”, असं खरं आणि जवळचं सांगा. असं सांगायला स्वतःला रस्ता नीट बघावा लागतो, आणि तेवढा वेळ स्वतःच्या पोटरीतलं दुखणं मागे पडतं. पुन्हा तेच, देणाऱ्यालाच मिळतं! मात्र हात धरून ओढू नका. १९०८ साली लंडनच्या ऑलिम्पिक मॅरेथॉनमध्ये कोसळलेल्या धावपटू दोरांदो पिएत्रीला अधिकाऱ्यांनी आधार देऊन रेषेपार नेलं आणि त्याच मदतीमुळे तो बाद ठरला. आवाज द्या, पळू द्या त्यालाच.

समोरचा लाल दिवा मला वेळ संपल्याचं सांगतोय. शाळांच्या स्पर्धांबद्दल बोलायचं होतं. शेवटून येणारं मूल मैदानात असतानाच बक्षीस समारंभ सुरू करतात, तो प्रकार… तो पुन्हा कधीतरी. आत्ता एवढंच, की शर्यतीच्या रविवारी जे धावणार नाहीत त्यांनी अंतिम रेषेपाशी गर्दी करू नये. तिथे धावणाऱ्याला रेषा दिसतच असते. मुंबईच्या शर्यतीत परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ लागतो, तिथे उभे राहा, संत्र्याच्या फोडी हातात घेऊन, आणि पाण्याची टेबलं उचलायला लागले तरी हलू नका. तेव्हा येणारेच खरे… बरं, नमस्कार.