सरदारी आणि चाकरी



आजच्या विषयासाठी आपणांस फार दूर नेण्याचे प्रयोजन नाही. शहापूरच्या उशाशी जो माहुली उभा आहे, तेथेच एका मोठ्या सरदाराचा एक धनी संपला आणि दुसरा सुरू झाला. १६३३ साली शहाजीराजांनी पेमगिरीवर निजामशाहीचा एक अल्पवयी वारस गादीवर बसविला व त्याच्या नावाने मोगलांशी झुंज मांडली. १६३६ मध्ये खानजमान आणि रणदुल्लाखान यांनी त्यांना माहुलीवर कोंडले. तह झाला, ते मूल मोगलांच्या हाती गेले आणि राजे विजापूरचे चाकर झाले.

‘मग निष्ठा कुठे गेली?’ असे आपण चटकन विचारतो. पण हजारो घोडा पदरी असलेल्या माणसाचा संसार कसा चाले, हे आधी पाहावे. घोड्याला रोज चंदी लागते, स्वाराला पोटाला लागते. चाकरी गेली की मुलूख जातो, मुलूख गेला की फौज पांगते, आणि फौजेवाचून सरदारी म्हणजे नुसते आडनाव! वतन वंशपरंपरेचे असे. सरंजाम हा मात्र सेवेचा मोबदला. अमुक इतके स्वार हजर ठेवावे, तोवर अमुक गावांचा वसूल खावा, असा तो सौदा होता.

रशियातही असेच होते. पीटर बादशहाने आपल्या उमरावांना सक्तीने लष्करात वा कचेरीत राबविले आणि १७२२ मध्ये दर्जांचा तक्ता करून कुळापेक्षा नोकरीला मान दिला. १७६२ साली तिसऱ्या पीटरने उमरावांना ह्या सक्तीतून मोकळे केले. त्यांच्या जमिनीवर राबणारी भूदास कुळे मात्र १८६१ पर्यंत बांधलेलीच राहिली. सेवा सुटली, सेवेचे फळ सुटले नाही!

शिवाजीमहाराजांनी हे दुखणे ओळखले होते. वडिलांचा माहुलीचा प्रसंग त्यांच्या मनात असला पाहिजे, असे मला वाटते. पुरावा मागाल तर मजपाशी नाही. त्यांनी मुलूख तोडून देण्याऐवजी रोख पगार ठरविले. सभासद सांगतो, पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी. बारगिराचा घोडाही सरकारचा. अशा फौजेला धनी बदलून घेऊन जाणे सोपे नव्हते. पुरंदरच्या तहात गेलेला हाच माहुली १६७० मध्ये परत घ्यायचा होता. पहिला हल्ला मनोहरदास गौडाने परतविला, आपली पुष्कळ माणसे पडली. पुढे जून महिन्यात मोरोपंतांनी गड घेतला. पडलेल्यांपैकी बहुतेकांची नावेसुद्धा आपणांस ठाऊक नाहीत.

मुरबाडकर मंडळी म्हणतील, आमच्या डोक्यावरच्या नाणेघाटात तर दोन हजार वर्षांपूर्वी ‘महारठि’ ही पदवी कोरलेली आहे. खरे आहे. पण दगडावर नाव येते ते पदवीवाल्याचे. घाटाची चौकी राखणाऱ्याचे येत नाही.

असो. महाराजांची घडी राजाराममहाराजांच्या काळात मोडली, आणि त्यांना दोष देववत नाही. औरंगजेब जहागिरी दाखवून माणसे फोडीत होता, जिंजीची तिजोरी रिकामी. १६९१ मध्ये हणमंतराव घोरपडे यांना सहा लक्ष होनांचा सरंजाम लिहून दिला. त्याचे हप्ते कसे? रायगड प्रांत, विजापूर, भागानगर, औरंगाबाद आणि अखेर दिल्ली जिंकल्यावर! हाती नसलेल्या मुलखाचा हा पगार. अशा कागदांवर स्वराज्य तगले, आणि अशाच कागदांनी पुढे सरदार आपापल्या मुलखाचे राजे झाले. सरंजाम बापाकडून मुलाकडे जाऊ लागला. हजेरीचे स्वार कागदावर पुरे आणि छावणीत अपुरे दिसू लागले.

इंग्रजी अंमलात लढण्याचे काम उरले नाही, तरी अनेक घराण्यांचा वसूल चालूच राहिला. स्वार गेले, घोडे गेले, ज्या कारणासाठी गाव दिले ते कारण गेले. गाव तेवढे राहिले. मुंबई सरकारने हे सरंजाम खालसा करण्याचे नियम केले ते १९५२ साली.