तंबूतही चूल आपल्याच गळ्यात का?

(डोंगरी येथे गटांच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज बचत आणि परतफेडीचं काम आटोपल्यावर मी तुमची दहा मिनिटं मागून घेतली आहेत. विषय ऐकून काही जणी हसतील. विषय आहे घरच्यांना घेऊन एक रात्र तंबूत राहायला जायचा.

मागच्या बैठकीत एका ताईंनी कर्जाचं कारण "घरखर्च" असं सांगितलं. बैठक उठल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "खरं सांगू का, पोरं मागे लागलीत. वर्गातली मुलं तंबूत राहून आली म्हणे. ते कारण लिहायला लाज वाटली."

ताई, लाज कसली? वर्षातून दोन दिवस घराबाहेर पडावंसं वाटणं हा काही गुन्हा नाही. मात्र त्यासाठी कर्ज काढू नका. समजा 5000 रुपये घेतले, व्याज महिना शेकडा 2 आणि दहा हप्त्यांत फेड. मुद्दल कमी होत गेली तरी व्याजाचे 550 रुपये जातात. तुमच्या गटाचा दर वेगळा असेल, तर त्याप्रमाणे मांडून बघा. सहल दोन दिवसांत संपते, हप्ता दहा महिने चालतो. त्यापेक्षा घरातच एक डबा ठेवा. आठवड्याला 100 रुपये टाकले तर सहा महिन्यांत 2600 जमतात. गटाची बचत आहे तशीच चालू ठेवायची, तिला हात लावायचा नाही.

आता तयारी. आपल्या गटाची पंचसूत्री तुम्हाला पाठ आहे. तशीच सहलीच्या कागदावर पाच रकाने आखा.

पहिला रकाना प्रवासाचा. समुद्र आपल्या दारातच आहे, म्हणून मी डोंगराकडचं उदाहरण घेते. शेजारच्या पालघर जिल्ह्यातलं जव्हार. सुमारे दीड हजार फूट उंचीवर, थंडीत हवा छान. मुकणे राजांचा जयविलास राजवाडा आहे, दाभोसा धबधबा आहे. इथून बसने भाईंदर, लोकलने विरार, तिथून डहाणू लोकलने पालघर आणि पुढे एसटी. 17 मार्च 2023 पासून एसटीत आपल्याला, म्हणजे सगळ्या बायकांना, अर्धं तिकीट आहे. 5 ते 12 वर्षांच्या मुलांना एसटीत आणि लोकलमध्येही अर्धं. सासू-सासरे 65 च्या पुढचे असतील तर एसटीत अर्धं, 75 च्या पुढे फुकट. त्यांचं आधार कार्ड विसरू नका. खासगी गाडी ठरवण्याआधी हा हिशोब एकदा मांडून बघा. परतीच्या शेवटच्या एसटीची वेळ आगारात विचारून घ्या.

दुसरा रकाना निवाऱ्याचा. वाटेल तिथे तंबू ठोकायचा नाही. अभयारण्यात परवानगीशिवाय रात्री थांबता येत नाही. एखाद्या शेतकऱ्याच्या वाडीत किंवा कृषी पर्यटन केंद्रात आधी फोन करून विचारा: अंगणात तंबू लावू द्याल का, जागेचे किती घ्याल, संडास आहे का, पाणी कुठलं, पाऊस आला तर पडवीत झोपता येईल का? संडासाचं विचारायला लाजू नका. आपल्यासाठी तोच पहिला प्रश्न आहे.

तंबू विकत घेऊ नका, भाड्याने आणा. "चार जणांचा" म्हणतात त्यात दोन मोठी आणि दोन लहान माणसंच नीट मावतात. निघायच्या आठ दिवस आधी गच्चीत किंवा अंगणात एकदा उभा करून बघा. चेन तुटकी आहे, काठी कमी आहे, हे घरीच कळलेलं बरं. आणि थंडी वरून जेवढी लागते त्याहून जास्त जमिनीतून लागते. खाली ताडपत्री, तिच्यावर पुठ्ठे, मग चटई आणि गोधडी. अंगावर एक पांघरूण कमी चालेल, अंगाखाली नको.

तिसरा जेवणाचा. खिचडीचे तांदूळ, डाळ, मीठ-मसाला घरीच मोजून एकेका वेळेची पुरचुंडी बांधा. पहिल्या दिवसाच्या भाकऱ्या घरून न्या. आपल्याकडचा सुका जवळा, बोंबील भाजून त्याची चटणी करा. ती टिकते आणि दोन घासांत जेवण होतं. डबा मात्र घट्ट झाकणाचा हवा, नाहीतर वासाने रात्री कुत्री येतील.

चौथा अडीअडचणीचा. एकूण खर्चाचा दहावा भाग वेगळ्या पाकिटात ठेवा. ओआरएसची पाकिटं, तापाची गोळी, बॅटरी, चालू असलेली औषधं घ्या. तीन गोष्टी लक्षात ठेवा. तंबूत शेगडी पेटवायची नाही, विझत आलेलीसुद्धा आत घ्यायची नाही. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो, झोपेतच जीव जातो. दुसरं, तंबूची चेन रात्रभर बंद. मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही. नुसता संशय आला तरी 108 ला फोन करा आणि सरकारी दवाखाना गाठा; जव्हारला पतंगशाह कुटीर रुग्णालय आहे. रात्री कोणाची गाडी मिळेल हे वाडीच्या मालकाला आधीच विचारून ठेवा. तिसरं, धबधब्याखालच्या डोहात कुणी उतरायचं नाही. पोहता येणाऱ्यांनीही नाही.

पाचवा रकाना कामाचा. हा रकाना कुणीच आखत नाही. आमच्या घरीही आखला नव्हता. मी कॉलेजात असताना आम्ही सगळे एका नदीकाठी राहायला गेलो. खर्च थोडा, मजा भरपूर. घरी आल्यावर फोटो बघितले. साठेक फोटो होते, त्यात आई दोनच ठिकाणी. एकात पाठमोरी, चुलीपाशी. दुसऱ्यात नुसतं कोपर. मी विचारलं, "आई, मजा आली ना?" ती म्हणाली, "आली की! भांडी घासायला पाणी चांगलं होतं गं."

मी समाजकार्य शिकत होते. महिलांच्या श्रमावर निबंध लिहिला होता, त्याला मार्कही मिळाले होते. आणि माझ्याच आईने ती नदी फक्त भांडी घासताना बघितली, हे मला दिसलं नव्हतं.

पुढच्या वेळी निघायच्या आधी कागदावर नावं लिहिली. सकाळचा चहा बाबा. खिचडी भाऊ. भांडी मी. पाणी आणणं दोघं भावंडं. आईच्या नावापुढे रेघ मारली. भाऊ कुरकुरला, बाबा काही बोलले नाहीत. पहिला अर्धा तास आई सारखी उठत होती, "मीठ घातलं का, आच कमी करा." मग एका दगडावर जाऊन बसली आणि अंधार पडेपर्यंत तिथेच होती. खिचडी बुडाला लागली होती. आईने दोनदा वाढून घेतली.

म्हणून सांगते, स्वस्तातली सहल बहुतेक वेळा आपल्या श्रमावर स्वस्त होते. हॉटेलचे पैसे वाचतात, कारण तिथलं काम आपण करतो. ते काम सगळ्यांत वाटलं तरच ती सहल आपलीही होते. नाहीतर नुसती चूल जव्हारला जाते आणि परत येते.

पुढच्या बैठकीला ज्यांना जायचंय त्यांनी पाच रकान्यांचा कागद घेऊन या. दोन-तीन घरं मिळून निघणार असाल तर भाडं वाटून घ्या. चार रकाने कच्चे असले तरी चालेल, आपण मिळून भरू. पाचवा मात्र घरच्यांसमोर बसून भरा आणि प्रत्येकाने आपलं नाव आपल्या हाताने लिहायचं.

त्या ताई आज इथे बसल्या आहेत. ताई, कर्जाचा अर्ज मी अजून पुढे पाठवलेला नाही. डबा आजपासून सुरू करूया का?



— क्षेत्र समन्वयक